पंपाशेजारचं झाड

१२ सप्टेंबर

चि. सूनबाई,
अनेक आशीर्वाद.

एवढं लिहून बराच वेळ थांबलो. एरवी झाडाची पानं पाठवताना पाकिटावर तुझ्या ऑफिसचा ‘पान तपासणी विभाग’ लिहिला की भागतं. तुझं दुसरं लग्न झाल्यावर तुला सूनबाई म्हणावं की नाही, हे विचारायला घरात कोणी उरलेलं नाही. मुलगा गेला, त्याची आई त्याच्याही आधी गेली. म्हणून मीच ठरवून टाकलं. चालवून घे.

इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण मला घेऊन फिरतो. संत्री लिंबाएवढी झाली आहेत, गळ फारशी नाही. स्वयंपाकघराची खिडकी अजून अडकते. तू ती एका हिसक्यात कशी उघडायचीस कोण जाणे.

तुझा अहवाल मिळाला. ‘मॅग्नेशियमची कमतरता’ हे छापील वाचलंच नाही, ते आता पाठ आहे. थेट तळाशी गेलो, तू हाताने लिहितेस तिथे. दर वेळी तिथे ‘तब्येतीला जपा’ असतं. या वेळी त्याच्या वर आणखी दोन ओळी होत्या. ‘दरवर्षी हेच झाड कसं? फवारणी नीट होते ना?’ आणि ‘पुढच्या महिन्यापासून मी लांब रजेवर आहे, पानं दुसरं कोणी तपासेल.’

आधी झाडाचं सांगतो. तू गेल्यावर पहिल्या वर्षी फवारणीची नळी विहिरीच्या पंपाशेजारच्या त्या झाडापर्यंत खरंच पोचली नव्हती. पानं पिवळी पडली, देठाजवळ तेवढा हिरवा तुकडा राहिला. घाबरून तुझ्याकडे पाठवली. उत्तर आलं, खाली ‘तब्येतीला जपा’ ही ओळ होती. मी ती उभ्यानेच तीनतीनदा वाचली. पुढच्या वर्षी लांब नळी आणली, सगळी बाग फवारत आलो आणि त्या झाडापाशी येऊन मुद्दाम फवारा बंद केला.

तूच म्हणाली होतीस, हा काही रोग नव्हे, उपासमार आहे, शेजारच्या झाडाला लागत नाही. म्हणून तर धीर झाला. नर्सरीवाला आला की हटकून विचारतो, “अहो, सगळी बाग हिरवीगार आणि ह्या एकट्यालाच कावीळ? सावत्र आहे की काय?” मी म्हणतो, “जागाच वाईट आहे.” जन्मात कधी बागेसाठी हात आखडता घेतला नाही, आणि म्हातारपणी ही लबाडी. पण बागेत सगळं आलबेल असतं तर तुला काय निमित्ताने लिहिणार होतो? नुसतं ‘आठवण येते’ असं पत्र तुझ्या नव्या घरात कुणाच्या हाती पडलं, तर उत्तरं तुला द्यावी लागतील.

रजेचं कारण तू लिहिलं नाहीस. मी ओळखलं आहे. चुकलो असेन तर हसून सोडून दे. फार आनंद झाला. पंपापर्यंत जाऊन त्या झाडाला मोठ्याने सांगितलंसुद्धा. मग परत आलो आणि घर खायला उठलं. लग्न कर म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो, आणि योग्यच केलं. तरीही रडू आलं, ते काही मी थांबवलं नाही.

आज सकाळी त्या झाडाला औषध फवारलं. फार पिवळी झालेली पानं गळतील. पोटाला कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्यांना देतं, हे तूच मला फांदी वाकवून दाखवलं होतंस. नवी पालवी चांगली येईल.

तू रजेवर जायच्या आत मिळावं म्हणून घाईने लिहितो आहे. या पाकिटात पान नाही, त्यामुळे अहवाल पाठवायची गरज नाही. घरचा पत्ता कळवलास, तर त्या झाडाची संत्री पाठवीन. नाही कळवलास तरी त्याला यापुढे उपाशी ठेवणार नाही.

तब्येतीला जप.

बाबा