डावीकडची शेवटची पट्टी

प्रिय चिमणे,

एकाच घरात राहून दादा पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. समोर बसलो की तू माझं बोलणं चेष्टेवारी नेतेस आणि मीही सुटल्यासारखा विषय बदलतो. तू शिंप्याकडून परत यायच्या आत हे लिहून संपवायचंय.

काल तालमीत स्टेजवरचा तुझा नाचाचा चौथरा मधेच खाली आला, तेव्हा तू मागच्या शिडीने उतरून पाणी प्यायला गेली होतीस. आल्यावर म्हणालीस, बरं झालं मला तहान लागली. सगळे हसले. मी मात्र कीबोर्डवरचे हात काढून घेतले. त्याच कडव्यात तू दहा फूट उंचीवर, अगदी कडेशी येऊन गिरकी घेतेस.

कीबोर्डला वायर जोडून त्यावरूनच स्टेज चालवायचं, हे मिडीचं खूळ माझंच. त्या वायरीतून आवाज जात नाही, नुसता निरोप जातो, की अमुक पट्टी दाबली. त्या निरोपावर दिवे लागतात, धूर सुटतो आणि तुझा चौथरा वर-खाली होतो. डावीकडची शेवटची पट्टी मी चौथऱ्यासाठी राखली. स्टेजवाले काका म्हणत होते, एक बटण माझ्याकडेही असू द्या, मी ते दाबून धरलं तरच चौथरा हलेल. मी त्यांना उडवून लावलं. दोघांच्या हातांत ताल राहत नाही म्हणालो, मोठा शहाणा. काल सगळ्यांनी खापर त्यांच्यावरच फोडलं. चौथऱ्याची मोटार तपासली नाही म्हणून मॅनेजरने त्यांना घरी पाठवलं आणि मी मूग गिळून बसलो.

मोटार ठणठणीत आहे गं. माझी करंगळी नाही. दोन महिने झाले, डाव्या हाताची करंगळी मधूनच बधिर होते. कुठे टेकली ते पाहिल्याशिवाय कळत नाही; काल ती त्या शेवटच्या पट्टीवर टेकली होती. परवा हातातून कप सुटला तेव्हा तू मला वेंधळा म्हणालीस, आणि मला हायसं वाटलं. डॉक्टरांनी वाजवणं थांबवायला सांगितलंय. थांबवलं तर मी करू काय, या विचाराने मी वाजवतच राहिलो. पण काल रिकामा चौथरा खाली आदळताना पाहिला, तेव्हापासून डोळे मिटले की त्याच्यावर तूच दिसतेस.

सकाळपासून तीनदा मॅनेजरचा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. आता हे टेबलावर ठेवून निघतो, आधी काकांकडे, मग त्याच्याकडे. वाटेत माझा धीर सुटला तर निदान तुला तरी सगळं कळलेलं असावं. काकांच्या हातात बटण येईपर्यंत आणि कीबोर्डवर दुसरं कुणी बसेपर्यंत त्या चौथऱ्यावर पाय ठेवू नकोस, उद्याचा कार्यक्रम बुडाला तरी चालेल. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. दादा वाजवतोय ना, मग कशाची भीती. लहानपणापासून हेच म्हणत आलीस. चिमणे, दादा वाजवतोय म्हणूनच चढू नकोस.

तुझाच,
दादा