आमचं विमान आणि अप्पारावची गद्दारी

१५ डिसेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. मोठं काम हातात घेतलं की नोंद पाहिजे. पुढं लोक विचारतात.
काम असं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचं सॉफ्टवेअर असतं, फ्लाइट सिम्युलेटर. आमच्या गणितवाल्यांचं वेगळं असतं, समीकरणं सोडवायचं. ही दोन जोडायची. गणित माझ्या मॉडेलनं करायचं, विमान तिकडं पडद्यावर उडायचं. मॉडेल मी लिहिणार, जोडणी अप्पाराव करणार. अप्पाराव आमच्याच कॉलेजात कॉम्प्युटरला आहे. अकरा वर्षांची दोस्ती. दिमाग बरा आहे, फक्त दिशा लागते. ती मी देईन.
प्राचार्य साहेब म्हणाले, अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन, तेव्हा दाखवा. हवाई दलातले निवृत्त अधिकारी पाहुणे आहेत. मी म्हणालो, जानेवारीतच होऊन जाईल.

१८ डिसेंबर
मॉडेल झालं. तीन दिवसांत. वंदनाला दाखवलं. ती म्हणाली, "ह्यात विमान कुठंय?" बायको स्वतः शिक्षिका आहे, तरी तिला चित्र लागतं.

२४ डिसेंबर, दुपारी ४
जोडणी झाली. अप्पारावनं बटण दाबलं. विमान धावपट्टीवरून सुटलं, नाक जरासं उचललं आणि उलटं झालं. चाकं वर. मंग दोन कोलांट्या, मंग जमिनीत.
अप्पाराव हसला. मी न्हाई हसलो. ज्याची जोडणी ढिली त्यानं हसू नये.

२९ डिसेंबर
आजवर सात वेळा उलटं.
अप्पारावला प्रेमानं सांगितलं, जोडणी तपास. तो म्हणाला, "तपासली. तू जे पाठवतो तेच बराबर पोचून राह्यलंय. एकदा तुझं मॉडेल बघू का?"
माझं मॉडेल. बावीस वर्षं गणित शिकवून राह्यलो मी.
राग धरायचा न्हाई. कॉपी दिली त्याला, म्हणलं बघ आणि शिक.

१ जानेवारी
संकल्प एकच. रोज एक तास सिम्युलेटरवर सराव. पाहुण्यांसमोर मीच वैमानिक.

२ जानेवारी
मान अवघडली. सराव उद्यापासून.

६ जानेवारी, मंगळवार
अंगारकी. अप्पारावनं सुट्टी टाकली, राजूरला गणपतीला जातो म्हणाला. देवाचं काम, मी काय बोलणार.
दुपारी तीनला मेकॅनिकलच्या लॅबवरून जाऊन राह्यलो होतो. आत अप्पाराव. कपाळाला शेंदूर. शेजारी अर्पिता मॅडम, मेकॅनिकलला ह्याच वर्षी आल्या. दोघांसमोर पडद्यावर माझं मॉडेल. माझी समीकरणं मी लांबून ओळखतो.
मला बघितलं तसं त्यानं पडदा बंद केला. म्हणाला, "दर्शन लवकर झालं."
कुंपणच शेत खाऊन राह्यलंय. आता हे दोघं मिळून छापतील शोधनिबंध. माझं नाव खाली, आभारात.

७ जानेवारी
मॉडेलचा पासवर्ड बदलला. जोडणीचा कॉम्प्युटर माझ्या केबिनमध्ये आणून कुलूप लावलं.
अप्पारावच्या स्कूटरवर मागं बसून कॉलेजला येणं बंद. आजपासून जुन्या जालन्यातून ऑटो. ऑटोत आठ जण. मी ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धा बाहेर. स्वाभिमानाला थोडा त्रास असतोच.

११ जानेवारी, रविवार
अप्पाराव घरी आल्ता. मी वंदनाला म्हणलं, झोपलो म्हणून सांग. ती म्हणाली, "अकरा वाजता?" तरी सांगितलं तिनं. तो चहा न घेता गेला. चिठ्ठी ठेवून गेला.
"कोन बघ. तिथंच घोळ आहे. फोन कर."
कोण बघू? म्हणजे दुसऱ्या कुणावर तरी ढकलून राह्यला. बहुतेक अर्पिता मॅडमवर. पाच दिवसांत त्यांनाही सोडलं. शुद्धलेखन तर ह्याचं पहिल्यापासून कच्चं. चिठ्ठी फाडली. फोन केला न्हाई.

२३ जानेवारी
सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. उलटं.
अप्पारावचे चार फोन. उचलले न्हाई. कामात होतो.

४ फेब्रुवारी
कारण सापडलं. व्होल्टेज. प्राचार्यांना लेखी कळवलं.

५ फेब्रुवारी
नवीन स्टॅबिलायझर आला. उलटं.

१७ फेब्रुवारी
प्राचार्यांनी विचारलं, किती झालं. म्हणालो, नव्वद टक्के. विमान धावपट्टीवर सुटतं, वेग घेतं, नाक उचलतं. फक्त उडणं राह्यलंय.
स्टाफरूममध्ये अप्पाराव समोर येऊन उभा राह्यला. म्हणाला, "दोन मिनिटं दे." मी तास आहे म्हणून निघालो. तास नव्हता. ग्रंथालयात जाऊन पेपर वाचला.

२७ फेब्रुवारी
प्लॅन बदलला. उड्डाण दाखवायचंच न्हाई. विमान धावपट्टीवर उभं ठेवायचं आणि मी चाळीस मिनिटं समीकरणांवर बोलायचं. खरी मजा तिथंच आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सविस्तर लिहितो.
हॉल भरलेला. माझी बारा मिनिटं उत्तम झाली. मंग पाहुणे खुर्चीवरून म्हणाले, "उडवा की, सर."
उडवलं. उलटं. पोरं हसली. मागच्या बाकांवर शिट्टी.
पाहुणे हसले न्हाईत. पडद्याकडं बघत विचारलं, "कोन कशात पाठवताय तुम्ही?"
मी माइक हातात घेऊन सांगितलं की मॉडेल शंभर टक्के बरोबर आहे. पाठवणं ही जोडणीची बाब, ती अप्पाराव सरांकडं होती. त्यांनी मध्येच काम सोडलं आणि माझा विश्वासघात झाला.
अप्पाराव शेवटच्या रांगेतून उठला. म्हणाला, "हो सर. माझ्याकडून राह्यलं." आणि बसला.
कबूल केलं. अडीचशे लोकांसमोर, स्वतःच्या तोंडानं. सत्य बाहेर येतंच.
घरी पोटभर जेवलो. वंदना हॉलमध्ये आल्ती. रस्ताभर बोलली न्हाई, घरीही न्हाई. गर्दीनं डोकं दुखत असेल.

२ मार्च
अप्पारावच्या लॅबला कुलूप. शिपाई म्हणाला, सर चार्ज देऊन गेले. शिक्षा झाली वाटतं. एवढी नको होती. मी सांगितलं असतं तर प्राचार्यांनी कमी केली असती.

५ मार्च, गुरुवार
अर्पिता मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. बसल्या न्हाईत. एक कागद टेबलावर ठेवला.
म्हणाल्या, "सर, तुमचं मॉडेल कोन अंशांत पाठवतं. सिम्युलेटरला रेडियन पाहिजेत. तुम्ही नाक पाच अंश उचलता, तो पाच रेडियन समजतो. म्हणजे दोनशे शहाऐंशी अंश. उलटं होणारच."
मी म्हणालो, हे तुम्हाला कधी कळलं.
म्हणाल्या, "मला न्हाई, अप्पाराव सरांना. अंगारकीला, दर्शनाच्या रांगेत उभं राहून. तिथून थेट लॅबवर आले, खात्री करून घ्यायला. मी म्हणाले, सरांना आत्ताच सांगा. तर म्हणाले, चारचौघांत नको. गणिताचा माणूस आहे, त्याला लागेल. घरी जाऊन सांगतो."
जाताना दारात थांबल्या. "चिठ्ठीपण ठेवली म्हणाले होते. कोन बघ म्हणून."
कोन.
पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहितो: कोन नेहमी रेडियनमध्ये. दरवर्षी. ह्यासाठी पोरांचे मार्क कापतो.
एक ओळ बदलली. बटण दाबलं. विमान सुटलं, नाक उचललं आणि वर गेलं. गेलंच. केबिनचं दार लावलेलं होतं. वीस मिनिटं उडवलं. बोलावू कुणाला, ते सुचलं न्हाई.

६ मार्च
प्राचार्यांना पत्र. पहिला मसुदा: "आम्हां दोघांच्या गैरसमजातून." फाडला. दुसरा: "तांत्रिक कारणाने." वंदनानं वाचला. म्हणाली, "तांत्रिक म्हणजे कोण?" फाडला. सहावा मसुदा एका ओळीचा झाला. चूक माझी होती, अप्पाराव सरांची नव्हती, त्यांची लॅब त्यांना परत द्यावी.

९ मार्च, सोमवार, संध्याकाळी साडेसात
पत्र दिलं. प्राचार्यांनी उभ्या उभ्या वाचलं. म्हणाले, "सर, हे त्याच दिवशी सगळ्यांना कळलं. पाहुण्यांनी चहा पिता पिता सांगितलं मला."
मी म्हणालो, मंग अप्पारावची लॅब का काढली.
ते म्हणाले, "कुणी काढली? त्यांनीच बदली मागितली. आपल्या संस्थेच्या आष्टीच्या कॉलेजात. आज हजर झाले."
घरी येऊन फोन लावला. त्यानं उचलला. काय काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवल्तं. पण मी एवढंच म्हणालो, "रेडियनच पाहिजे होते."
तो म्हणाला, "हं."
मंग म्हणाला, "वंदना वहिनी बऱ्या आहेत ना?" मी म्हणालो, बऱ्या आहेत. विमान आता चांगलं उडतं, असं सांगणार होतो.
तो म्हणाला, "तास आहे, ठेवतो."
तेव्हा संध्याकाळचे सव्वासात वाजले होते.