दुपारचा पहारा

मु. कोळटाकळी, ता. गेवराई
सोमवार, १७ मार्च २०२५

प्रिय शहादेव यास,

गहिनीनाथचा रामराम. सावित्रीवहिनींना नमस्कार, वनमालाला आशीर्वाद. परळीत लेकीच्या घरी आता तुमचं बस्तान बसलं असेल. वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजकेंद्राची राख बसते म्हणतात, खरं का? तुझं मनगट कसं आहे? थंडीत दुखलं असेल.

इकडे ठीक. गहू काढून झाला. तुझ्या बांधावरच्या झाडाला यंदा लई चिंच होती, पोरींनी झोडून नेली. मी कोणाला अडवलं नाही. काल तुकोबांची बीज झाली, काल्याचं कीर्तन होऊन सप्ताह उठला. वीणेचा दुपारचा पहारा वीस वर्षं आपला. बारा ते एक मी, एक ते दोन तू. यंदा दोन्ही तास मीच उभा राहिलो. एक वाजला की मान आपोआप दाराकडे वळायची.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बोल की बे" म्हणतोस आणि मी पिकापाण्याचं बोलतो. वर्षभर तेच केलं.

दिवाळीत तू म्हणालास, "कचेरीतूनच माझं नाव फुटलं." मी "हूं" म्हटलं. ते हूं खोटं होतं.

मागच्या वर्षीच्या सप्ताहाचा चौथा दिवस आठव. आदल्या दिवशी तू मला वाळूच्या गाड्यांचे फोटो पाठवलेस आणि वर बोलून निरोप, "तहसील कचेरीत अर्ज दिलाय. हे तुझ्याजवळ असू दे, मला काही झालं तर. कुणाला बोलू नगस." दुसऱ्या दिवशी मी पहाऱ्यावर असताना अमरसिंह देवळात आला. गाड्या त्याच्याच. वीणेला हात जोडले आणि मला म्हणाला, "नाना, कुणीतरी गाड्यांचे फोटो काढलेत म्हणं. समद्यांचे फोन बघतोय. तुमचाबी दावा."

वीणा खाली टेकवता येत नाही. दुसऱ्याने गळ्यात घेईपर्यंत सोडायची नाही. त्याने माझ्या खिशातून फोन काढून घेतला. हात गुंतले होते, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आलो.

पण फोनला कुलूप होतं, शहादेव. "कसा उघडायचा?" असं त्याने विचारलं. तोंड तर मोकळं होतं. मी आकडे सांगितले. चार आकडे, एकेक करून. वाटलं, देवापुढे उभा आहे, मी काय लपवायचं? माझं लपवण्यासारखं काही नव्हतंच. तुझं होतं, आणि ते माझ्या खिशात होतं, हे मला सुचलं नाही.

हेही पूर्ण खरं नाही. तिसऱ्या आकड्याला सुचलं होतं. चौथा तरीही सांगितला.

दोन दिवसांनी तुला पुलावर अडवलं. तुझा फोन दगडाने ठेचला, मनगटही. दवाखान्यात तू मला म्हणालास, "तुझा फोन जप बे. समदं त्यातच हाय आता." त्यातलं सगळं अमरसिंहने देवळातच पुसून टाकलं होतं. मी तुझ्या उशाशी बसून संत्रं सोलत राहिलो.

आता यंदाचं सांगतो. शुक्रवारच्या पंगतीत तो पुन्हा फोन बघत फिरत होता. अंगणवाडीची वर्षाराणी पोळ्या वाढत होती. तिच्यापुढे हात केला.

"ताई, फोन."

"कावून?"

"गावाच्या भल्यासाठी. लपवण्यासारखं न्हाई ना काही?"

"हाय की! मायचा आजार हाय, नवऱ्याशी झालेलं भांडण हाय, गावातल्या बायांनी इश्वासानं सांगितलेली दुखणी हायत. तुला कावून दावू? पोलिसाचा कागद आण."

गीताबाई पंगतीतूनच ओरडली, "आधी तुझा दाव बाबा, मग आमचे बघ!" बायका हसल्या. तो लाल झाला आणि सवयीने माझ्याकडे वळला. "नाना, तुमचा आणा."

माझ्या हातात वरणाची बादली होती. ती मी खाली ठेवली आणि म्हटलं, "न्हाई देणार."

एवढंच. फार मोठं काही केलं नाही, आणि एक वर्ष उशिरा केलं. काल काल्याला माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहिली. पुढच्या वर्षी पहाऱ्याला दुसरा माणूस बघू, असं सप्ताह चालवणारे आसाराम बुवा म्हणाले. नजर चुकवून म्हणाले, म्हणजे त्यांनाही कोणीतरी सांगितलं असणार. घरी तर ही गेल्यापासून बोलायला भिंतीच आहेत. देवापुढे बसतो, पण त्याला आधीच सगळं ठाऊक आहे. त्याला सांगून सुटका होत नाही. ज्याचं होतं त्याला सांगावं लागतं.

पाडवा झाला की ठाण्यात जाऊन जबाब द्यायचं ठरवलं आहे. माझा फोन कोणी घेतला, कोणी उघडून दिला, त्यात काय होतं, सगळं. त्यात तुझं नाव येतं. मागच्या वेळी तुझं होतं ते मी तुला न विचारता दिलं. या वेळी विचारतो आहे. नाव घालू का? नको म्हणालास तर माझ्यापुरतंच लिहून देईन. उत्तर आलंच नाही, तर नको असंच समजेन.

पाकीट डिंकाने नीट चिकटवलं आहे. उघडलेलं पोचलं तर तेवढं तरी कळव.

खाली 'तुझा' असं लिहायचं होतं. तेही आता तुला विचारूनच.

गहिनीनाथ