आखाडातलं नेहमीचं

भाऊ, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमच्या या लेकीचा राग उतरलेला नाही, हे आधीच सांगते. शाळेच्या आधी मला आकडेमोड तुम्हीच शिकवलीत, परंदवडीच्या आपल्या स्वयंपाकघरात, चुलीसमोर. तुम्ही धरणावर पाऊस मोजायचात आणि घरी येऊन विचारायचात, औंदाचा आखाड जास्त का कमी? मी म्हणायचे, लय पडला. तुम्ही कान पिळायचात. आखाडात पडणारच, या आखाडातून नेहमीचा आखाड वजा कर, उरेल तेवढंच बोल. मागे ओल्या लाकडांच्या धुरात आई खोकत असते. मी घाबरून तुमच्याकडे बघते. तुम्ही मान न वळवता म्हणता, "आखाडात खोकतीच ती. औंदा निराळं काय?"

आज मी पुण्यात याच कामाचा पगार घेते. लोणावळ्याच्या घाटातल्या तापमानाच्या नोंदींतून ऋतूंचा चढउतार काढून टाकायचा, म्हणजे प्रत्येक मेमधून नेहमीचा मे वजा करायचा, आणि उरलेल्यात हवा खरंच तापते आहे का ते बघायचं. गेल्या आठवड्यात साहेब म्हणाले, 'नेहमीचं' ठरवायची सरासरी अलीकडच्याच वर्षांची धरा, दरवर्षी पुढे सरकवत न्या. मी नाही म्हटलं. 'नेहमीचं'च दरवर्षी सरकवलं तर सगळी वाढ त्यातच गडप होते. बोलता बोलता मला तुम्ही दिसलात. वजाबाकी तुमची बरोबर होती, भाऊ. पण आईच्या बाबतीत तुम्ही गेल्या वर्षीच्या खोकल्यालाच नेहमीचा म्हणत गेलात. आधी ती पाणी भरताना थांबायची, मग भाकरी थापताना, मग नुसतं बोलताना. तुमच्या लेखी निराळं काहीच नव्हतं. धूर जायला भिंतीत एक खिडकी पाडली असतीत, तर तुमची एक दुपार गेली असती.

परवा तिला तळेगावला डॉक्टरांकडे नेलं. कधीपासून आहे, त्यांनी विचारलं. ती हसून म्हणाली, "नेहमीचंच हाय, डाक्टर. आखाड हाय न्हवं." वाक्य तुमचं, सूरही तुमचाच. छातीचा फोटो बघून डॉक्टर माझ्यावर उखडले, इतकी वर्षं काय करत होतात? ते तुम्ही ऐकायला हवं होतं.

हे पत्र तिला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही दाखवणार. ती पलीकडच्या खोलीत खोकते आहे, आणि खरं सांगते भाऊ, हा खोकला कालच्यापेक्षा वाढलाय की नेहमीचाच आहे, ते मलाही ओळखता येत नाही.