चतुरामावशीच्या नावाची बाटली

१३ सप्टेंबर
लिहिताना चुकलं तर माफी. शाळा नववीतच सोडली. एका बोटाने टाइप करते, वेळ लय लागतो. वाचणारं कोणी नाय, तरी सांगून ठेवलेलं बरं.
परत उन्हाळी लागली. जूनपासून तिसऱ्यांदा. लघवीला जाताना आग आग. कारण सापडलंय, मिसळ. मिसळ बंद.
आई दसऱ्याला वावरात झेंडू तोडणार, मार्केटात आमच्या फुलांच्या दुकानावर मला एकटीला बसवणार. तब्येत नीट असली तरच, म्हणाली. नायतर मामाची भाग्यश्री बसेल. ती बसणार नाय. मी बसणार.

१५ सप्टेंबर
मिसळ नाय खाल्ली, तरी आग. मिसळ नव्हती मग. प्लास्टिकची खुर्ची असणार, उन्हात तापती. आता गोणपाट टाकून बसायचं.
पाणी दिवसभरात एक पेला. पिलंच नाय तर जायला लागत नाय. पहाटे घरून जाऊन निघायचं, मग एकदम संध्याकाळी घरी. मार्केटातल्या टॉयलेटसमोरच मयूरची चहाची टपरी हाय. माझ्या वर्गात होता. त्याच्यासमोरून तिकडं कोण जाईल? मनात काय म्हणेल तो?

१६ सप्टेंबर
मागच्या वेळच्या गोळ्या सापडल्या. तेव्हा दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून उरलेल्या जपून ठेवल्या होत्या. हुशार हाय मी. दोन घेतल्या.

१९ सप्टेंबर
गोळ्या संपल्या, आग नाय संपली. दवाखान्यात गेले. डॉक्टर बाई होत्या, तरी तोंड उघडेना. शेवटी म्हटलं, मला नाय हो, मार्केटात शेजारी बसती त्या चतुरामावशीला होतंय. वय बावन्न.
डॉक्टर म्हणाल्या, पाळी गेल्यावर होतं असं, शुगर असली तर होतं, खडा असला तर होतं. पाणी किती पितात? म्हटलं एक पेला. लघवीला किती वेळा? म्हटलं दोनदा, मार्केटात लाज वाटती तिला. डॉक्टर पेन ठेवून माझ्याकडंच बघत बसल्या. मावशीला बघितल्याशिवाय औषध नाय म्हणाल्या, तपासायला बाटली दिली.
बाटली मी भरली. नाव मावशीचं, फोन नंबर पण मावशीचा. माझा फोन बाबा उचलतात. एकदम सेफ.

२० सप्टेंबर
मला शुगर असणार. चहा बंद.
दुपारी घेतला एक. अर्धाच होता.

२३ सप्टेंबर
मावशीला फोन आला. तिला कमी ऐकू येतं, स्पीकरवर घेती. नर्स म्हणाली, चतुराबाई, तुमच्या लघवीत इन्फेक्शन निघालंय. मावशी ओरडली, अगं बया, मी कधी मुतले तुमच्याकडं? सगळी लाइन हसली. मी क्रेटमागं. नर्स म्हणाली, बाटली एका मुलीने आणली, निळी ओढणी होती. मावशीने क्रेटमागं वाकून बघितलं. टवळे, म्हणाली, माझंच नाव सापडलं व्हय तुला?

२४ सप्टेंबर
मावशीने दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला म्हणाल्या, या मावशी, बावन्नच्या वाटत नाय तुम्ही. नंतर रागावल्या. दिवसभर तुंबवून ठेवायचं, पाणी प्यायचं नाय, गोळ्या अर्ध्यात सोडायच्या, मग परत परत होणारच. गोळ्या सगळ्या संपव. पाणी पी आणि लागली की जा.
मिसळीचं विचारलंच नाय त्यांनी.

२७ सप्टेंबर
दोन लिटर पाणी पिलं. वेळच्या वेळी.
गेले मात्र नाय. मयूर टपरीवरच होता, हलेचना. उद्यापासून नक्की.

२८ सप्टेंबर
थंडी वाजून ताप. पाठीत कळ. सलाईन लावलं. आईने भाग्यश्रीला फोन केला.

२ ऑक्टोबर, दसरा
भाग्यश्री विकती, मी सुट्टी फुलं निवडती. भाव पण तीच सांगती. अकराला मावशी उठली, माझा हात धरला, आणि मोठ्याने म्हणाली, चल गं शुभांगी, मुतून येऊ. सगळ्या लाइनमधून नेलं.
टपरीसमोर मयूर आडवा आला. हातात ग्लासांची जाळी. ओ ताई, म्हणाला, बाजूला सरका, गरम हाय.
ताई. ओळखलंच नाय.
येताना परत त्याच्यासमोरून आले. तेव्हा पण नाय.
आता आग कमी हाय. गोळ्या चार राहिल्यात.
घराशेजारच्या बारकूकाकांची म्हैस व्याली. रेडी झाली.