टाचणीचा कोट

६ जानेवारी, सोमवार
डॉक्टरीणबाईंनी वही दिली. रोज मनात काय येतं ते लिहा म्हणाल्या, कुणी वाचणार नाही. बरं. मनात आलं: धाकट्या जावेची वेणी धरून तिला दुकानातल्या स्टुलावरून खाली ओढावी. लिहिलं. हलकं वाटलं. औषध चांगलं आहे.

७ जानेवारी
मला काही झालेलं नाही, हे आधी लिहून ठेवते. हे गेले त्याला चौदा महिने झाले. शिलाईचं दुकान आम्हा दोघांचं. मागून मी एकटीनं चालवलं. मध्ये अंघोळीचा कंटाळा आला, मग जेवणाचा, मग बोलण्याचा. कंटाळा कुणाला येत नाही? तेवढ्यात सात गिऱ्हाइकांचे शर्ट ढगळ झाले. सातही एकाच मापाचे. छाती बेचाळीस, बाही साडेचोवीस. माणसं बारीक झाली, त्याला मी काय करू? पण जावेनं गल्लीभर केलं, ताईंच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून. लेकानं दुकानाची किल्ली माझ्याकडून काढून तिच्याच हातात दिली. डॉक्टरीणबाई म्हणतील तेव्हा परत देतो म्हणाला.
जावेचं नाव मी टाचणी ठेवलंय. बारीक आणि बोचरी.
संकल्प: महिन्याच्या आत बरं व्हायचं. म्हणजे बरी आहेच. दाखवायचं फक्त. मग किल्ली, मग वेणी.

१३ जानेवारी
आज दवाखान्यात पेपर होता. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन. सूनबाई म्हणाली, आई, नीट वाचून लिहा. चष्मा घरी राहिला होता. राहू दे. सातवीपर्यंत माझा पहिला नंबर होता. मार्क कुठं आहेत ते कळल्यावर प्रश्न कशाला वाचायचे? सगळीकडे तीन. सत्तावीसपैकी सत्तावीस. किल्ली आपलीच.

तोच दिवस, संध्याकाळ
जास्त मार्क म्हणजे जास्त आजारी, म्हणे! असला उलटा पेपर कुणी काढतं? मी सांगितलं, अहो, पहिला नंबर यावा म्हणून लिहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळे असंच काहीतरी सांगतात. अर्ध्या गोळीची एक झाली. सूनबाईनं घरातल्या सगळ्या कात्र्या कपाटात कोंडल्या. मी नखं कापायला बसले की ती समोर येऊन बसते.
याचंही उट्टं टाचणीवरच काढणार.

२२ जानेवारी
रोज वीस मिनिटं चाला, असा हुकूम आहे. चालते. घरापासून दुकानापर्यंत जाते, काचेतून टाचणीकडे डोळे वटारते, परत येते. दिवसातून चार वेळा. ती आतून हात हलवते. निर्लज्ज! काजं वाकडी करते, रस्त्यावरून दिसतात.
चालून भूक लागते. दोन वेळा पोटभर जेवते. सूड घ्यायचा तर अंगात ताकद पाहिजे. झोपही लागते. डॉक्टरीणबाई खूश, गोळ्या लागू पडल्या म्हणतात. त्यांना काय माहीत, हा रागाचा गुण आहे.

३ फेब्रुवारी
दुसरा पेपर. सगळीकडे शून्य. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या हाही खरा वाटत नाही. पण रोज एक तास दुकानात बसा. फक्त बटणं लावायची, कापड कापायचं नाही.
म्हणजे मी टाचणीच्या हाताखाली! तिला मशीनमध्ये दोरा घालायला मी शिकवलं. आता तासभर नुसतं ताई, हे बघा ना, ताई, हे बरोबर आहे का, ताई, चहा घेता? तिचा चहा मी घेतला नाही. अर्धाच घेतला.

८ फेब्रुवारी
सुचलं! टाचणीच्या पोरीला शाळेत बक्षीस मिळणार आहे. समारंभाला टाचणीला नवा कोट पाहिजे. मी शिवते गं, म्हणाले. तिनं माझ्या लेकाकडे बघितलं, लेकानं सुनेकडे, सुनेनं छताकडे. शेवटी कपाट उघडलं, माझी कात्री बाहेर आली.
बेत असा: कोट दोन इंच तंग शिवायचा. टाळ्या वाजवायला हात वर केले की काखेत टर्रकन. सगळ्या शाळेसमोर.
माप घ्या ना ताई, म्हणाली. मी म्हटलं, खराट्याला कापड गुंडाळायला माप कशाला? मला डोळ्यानं कळतं. तीही हसली. हस बाई, चार दिवस हस.

१३ फेब्रुवारी
कोट तयार. काय हात चालला! एक टाका इकडचा तिकडे नाही. काजं अशी, की बघत राहावं. सूनबाई म्हणते, आई, शिवताना गुणगुणत होतात. काहीतरीच.

१४ फेब्रुवारी, दुपार
टाचणीनं कोट घातला. घातला म्हणजे, त्यात बुडाली. बाह्या बोटांच्या खाली. खांदे दंडावर. लेक काहीतरी बोलणार होता, तिनं त्याला डोळ्यानंच गप्प केलं. आरशासमोर उभी राहिली, कापडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, ताई, डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे.
असणारच. ह्यांचा डावा खांदा उतरता होता. छाती बेचाळीस, बाही साडेचोवीस. चाळीस वर्षं मी तसंच कापत आले.
मी म्हणाले, फॅशन आहे.
ती म्हणाली, हो ना ताई, हवा खेळती राहते.
मला हसू आलं. त्याच्यामागून दुसरंच काहीतरी आलं. सात शर्टांचं मिळून एकदम आलं. टाचणी स्टुलावरून उठली होती, मी त्यावर बसले. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, तरी तिनं दुकानाचं दार लावून घेतलं.

१७ फेब्रुवारी
टाचणी तोच कोट घालून समारंभाला गेली. बाह्या तीनदा दुमडून. टाळ्या खूप वाजवल्या म्हणे. काही उसवलं नाही. माझी शिलाई उसवत नसते. सगळा डाव फुकट.
तिसरा पेपर झाला. चष्मा नेला होता. वाचून बघितलं, प्रश्न अवघड आहेत. एका प्रश्नाला बराच वेळ बसले. चौदा मार्क पडले, सगळे माझे स्वतःचे. किल्लीचं पुढच्या महिन्यात बघू, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. भांडायचं होतं. राहिलं.

१९ फेब्रुवारी
टाचणी कोट घेऊन आली, माझ्या मापाचा करून द्या म्हणाली. नाही म्हणणार होते, पण टेप गळ्यातच होती. लावली. गुदगुल्या होतात ताई, म्हणून नाचायला लागली मेली. नीट उभी राहा म्हटलं. छाती बत्तीस. बाही साडेएकवीस. दोन्ही खांदे सरळ. कागदावर लिहिलं, परत टेप लावून बघितलं.
सूड घ्यायचा तर आधी माप बरोबर लागतं.