ठोक्यांमागचा आवाज

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. मी खुशाल आहे, तुम्हीही असाल असं धरून चालते. आईचा गुडघा कसा आहे ते खरंखरं कळव. मी विचारलं की ती 'बरा आहे' म्हणते आणि फोन तुझ्या हातात देते, मग आपण दोघी हवापाण्यावर बोलतो आणि ठेवून देतो. म्हणून आज पत्र. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही.

खोली चांगली आहे. खिडकीसमोर भिंत आहे, त्यामुळे अभ्यास होतो. आई शेजारीपाजारी सांगते की मी डॉक्टर होतेय, सांगू दे. बायोमेडिकल इन्फॉर्मेटिक्स हे धड ना इकडचं, धड ना तिकडचं. डॉक्टर आम्हाला कॉम्प्युटरवाले समजतात आणि कॉम्प्युटरवाले डॉक्टर, त्यामुळे पोट बिघडलं तरी लोक आमच्याकडे येतात आणि प्रिंटर बिघडला तरी.

माझं काम छातीचे ठोके ऐकण्याचं. वेगवेगळ्या इस्पितळांतून रुग्णांच्या हृदयाची जुनी-नवी रेकॉर्डिंग येतात. नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक. ठोक्यावरून हृदयाची कुठली झडप गळतेय हे ओळखायला कॉम्प्युटरला शिकवायचं. पण स्टेथोस्कोप छातीवर असताना माणसं थोडीच गप्प बसतात? खोकतात, नर्सशी बोलतात, कुणीतरी खुर्ची ओढतं. आवाजावरून माणूस ओळखता येतो, म्हणून नियम असा की सगळी बोलणी पुसायची आणि मग मूळ रेकॉर्डिंग नष्ट करायचं. ते पुसणारा प्रोग्राम मी लिहिलाय. नीट पुसलं गेलं का, हे आधीचं आणि नंतरचं ऐकून मीच तपासते. चांगला चालतो. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला कानसेन म्हणते.

हल्ली मात्र कशात लक्ष नाही. जेवण जात नाही. नळ गळला तरी कान टवकारते.

सांगायचं ते सोडून मी भलतंच सांगतेय, हे तुझ्या लक्षात आलं असेल. माझी लपवाछपवी तुला लहानपणापासून कळते.

मागच्या महिन्यात एका दुपारी हेडफोन लावून बसले होते. दमलेला ठोका होता, मधूनच अडखळणारा. नर्स म्हणत होती, बोलू नका काका, मशीन ऐकतंय. आणि ताई, माझ्या कानात, अगदी कानाच्या आत, बाबा म्हणाले, "ऐकू दे. फुकटचं ऐकतंय, ऐकू दे."

मी हेडफोन काढून टाकले. मग परत लावले. छातीवर ठेवलेल्या यंत्रात आवाज तोंडातून येत नाही, आतून येतो, घुमत. लहानपणी त्यांच्या छातीवर कान ठेवून पडलं की ऐकू यायचा ना, तसाच. मला वाटत होतं की मी तो विसरले.

मागे तुझाही आवाज लांबून येत होता, बारीक. तू म्हणत होतीस, मी धाकटीला बोलावून घेते.

"भिंगरीला कळवू नकोस," बाबा म्हणाले. "परीक्षा होऊ दे तिची."

"ती मला जन्मभर बोलेल, बाबा."

"बोलेल. तू ऐकून घे."

मग नर्सने श्वास रोखायला सांगितलं आणि त्यांनी रोखला. पुढे नुसते ठोके.

बाबा गेल्यावर मी घरी पोचले तेव्हा दारातच तू मला हेच सांगितलं होतंस, याच शब्दांत. मी म्हणाले, मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येतं. तू 'भिंगरी' म्हणत मला जवळ घ्यायला पुढे आलीस, तर ते नाव पुन्हा घ्यायचं नाही असं बजावलं. तू खरंच पुन्हा घेतलं नाहीस. इतकी वर्षं माझी बोलणी ऐकून घेतलीस, आईसमोरसुद्धा. मला वाटायचं, तुझी चूक आहे म्हणून तू ऐकून घेतेस.

त्या रेकॉर्डिंगची प्रत काढणं सोपं होतं. तुला ऐकवली असती, आईला ऐकवली असती. कुणाला कळलं असतं तर इथून नारळ मिळाला असता, आणि त्याचीही मला फारशी भीती वाटली नाही. काही दिवस नुसती ऐकत राहिले. मग आमच्या विभागाच्या सरांना जाऊन सांगितलं की यात माझे वडील आहेत. सर म्हणाले, प्रत देता येणार नाही, पण हे मी दुसऱ्या कुणाला करायला सांगतो, तू बघू नकोस. मी नको म्हटलं. ताई, कितीतरी जणींचे बाबा मी असेच पुसून टाकलेत, त्यांना कुणी विचारायलाही आलं नाही. माझे तेवढे ठेवून कसे घेऊ? आणि परक्या हातांनी पुसलेलं मला सोसलं नसतं.

एकदा शेवटचं ऐकलं आणि प्रोग्राम चालवला. चांगला चालतो म्हटलं ना. एक शब्द उरला नाही.

ठोके आहेत. कॉम्प्युटर शिकायला बसतो तेव्हा बाकीच्यांच्या ठोक्यांत तेही वाजतात. आता कुणाचाही ठोका ऐकला की मी कुणीतरी बोलायची वाट बघते. उशीवर कान टेकला की माझेच ठोके ऐकू येतात, आणि त्यांच्या मागे बाबा बोलायला तोंड उघडताहेत असं वाटतं. बोलत मात्र नाहीत. मला भीती वाटते, ताई.

दाखवायला माझ्याकडे आता काही नाही. तुला माझ्या शब्दावरच हे खरं मानावं लागेल. त्या दिवशी दारात तुझ्याकडेही शब्दच होता आणि मी मानला नाही. तू मानशील का?

मानलंस तर उत्तर लिहीत बसू नकोस. फोन कर, आणि हवापाणी राहू दे. मला एकदा त्या नावाने हाक मार. बाबांसारखी ती तुलाच जमते, आणि मी पुसून टाकल्यावर ती दुसरीकडे कुठेच राहिलेली नाही.

तुझी,
भिंगरी